द्राक्षमण्यातले पहारेकरी

ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर निफाड-दिंडोरीच्या बागा फुटतात, घड भरतात आणि काही आठवड्यांनी मण्यांत पाणी उतरतं. मणी मऊ होतो, साखर चढू लागते. बागायतदाराचं लक्ष त्या साखरेकडे असतं. पण त्याच दिवसांत मण्यात आणखी एक साठा होत असतो, बुरशीला तोंड देणाऱ्या प्रथिनांचा!

त्यातलं एक कायटिनेज. भुरी रोगाच्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनवर उभी असते आणि कायटिनेज ते कायटिन तोडतं. एक रेणू हे करतो कसा? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिच्यातली अमिनो आम्लं अवघ्या २० प्रकारची. पाण्याला बिचकणारी आत दडतात, बाकीची बाहेर राहतात आणि साखळीची ठरावीक घडी बसते. साखळीत दूर असलेली अमिनो आम्लं घडीमुळे शेजारी येतात, त्यांच्यामध्ये खाच तयार होते. कायटिन त्या खाचेत बसतं आणि तिथेच तुटतं. घडी मोडली, की अमिनो आम्लांचा क्रम तोच राहूनही काम थांबतं.

ही घडी किती चिवट! वाईनसाठी द्राक्षांचं गाळप होतं, यीस्ट रसातली साखर फस्त करतं, रस आंबट असतो, अल्कोहोल वाढत जातं. तरी ही प्रथिनं पांढऱ्या वाईनमध्ये शाबूत उरतात. त्यांच्याच सोबतच्या थॉमॅटिन-कुळातल्या प्रथिनांना तर गंधकाचे आठ पूल आतून बांधून ठेवतात.

पण बाटली उन्हाळ्यात तापली, तर कायटिनेजची घडी उलगडते. आत दडलेले भाग उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि नितळ वाईन गढूळ होते. ती पिणाऱ्याला अपाय करत नाही, पण गढूळ बाटली घेणार कोण? म्हणून वाईनरीत नमुना आधीच तापवून पाहतात आणि गरजेप्रमाणे बेंटोनाइट ही माती घालतात. वाईनच्या आंबटपणात प्रथिनांवर धन भार असतो, मातीवर ऋण. प्रथिनं मातीला धरून तळाशी बसतात.

सर्वांत मोठं नवल पुढेच आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅटेम्फे फळात द्राक्षातल्या त्या थॉमॅटिन-कुळातलंच, थॉमॅटिन नावाचं प्रथिन सापडतं. घडी जवळपास तशीच, पण ते वजनाला वजन साखरेच्या सुमारे २००० पट गोड! निसर्गाने एकच घडी घेतली आणि काही अमिनो आम्लं बदलून तिला अगदी वेगळा गुण दिला. सजीवांची अफाट विविधता अशाच काटकसरीतून उभी राहिली आहे.