पोथींतील इंग्रजी आणि ओठांवरील इंग्रजी

पतंजलींच्या महाभाष्यांत एक मौजेचा प्रसंग आला आहे. एका वैयाकरणानें रथ पाहून विचारिलें, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथ्यानें उत्तर दिलें कीं, मी याचा 'प्राजिता'. हा शब्द अशुद्ध आहे असें वैयाकरण म्हणतांच सारथ्यानें त्यास सुनाविलें कीं, महाराजांस नियमानें काय प्राप्त होतें एवढेंच ठाऊक. लोकांस काय इष्ट आहे तें ठाऊक नाहीं. भाष्यकारांनीं हा प्रसंग सारथ्याची थट्टा करण्यासाठीं सांगितलेला नाहीं. शब्दाच्या बाबतींत रूढ प्रयोगाचा अधिकार केवढा, हें दाखविण्यासाठीं सांगितला आहे. स्वतः पाणिनीनेंही वेदांतील प्रयोगांस 'छन्दसि' आणि आपल्या काळच्या बोलण्यांतील प्रयोगांस 'भाषायाम्' अशा निरनिराळ्या खुणा केल्या आहेत. ग्रंथांतली भाषा व बोलली जाणारी भाषा यांतील भेद आपल्या पूर्वजांनीं दोन हजार वर्षांपूर्वींच ओळखला होता. इंग्रजी शिकवितांना मात्र आपण तो विसरलों, आणि त्याची किंमत आमच्या बीड जिल्ह्यांतील मुलें आजही देत आहेत, असें आम्हांस वाटतें.

आमचा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू ठेविलें व इंग्रजी हा सक्तीचा विषय केला. त्यामुळें घरीं मराठी, शाळेंत उर्दू आणि तिसरी इंग्रजी, असा तिहेरी भार मराठी मुलावर पडे. आतां मौज पाहा. उर्दू ही परक्या लिपीची भाषा. पण ती कचेरींत, बाजारांत, रस्त्यांत अष्टौप्रहर कानांवर पडे, म्हणून जिभेवर बसली. आमच्या वडीलधाऱ्या पिढींतील पुष्कळ मंडळी उर्दू अस्खलित बोलत. इंग्रजी मात्र पुस्तकांतच भेटे, आणि ती पुस्तकांतच राहिली. मुलें तींच, बुद्धि तीच. भेद होता तो कानाचा.

पुढें आमच्या पिढीस इंग्रजी पांचवींत भेटली, ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणानें. आधीं नियम, मग शब्दांची यादी, मग भाषांतरासाठीं वाक्यें. डॉ. भांडारकरांचीं संस्कृत पुस्तकेंही याच घाटाचीं. या पद्धतीचे उपकार आम्ही विसरत नाहीं. तिनें आम्हांस वाक्याचा अन्वय लावण्याची शिस्त दिली. परंतु संस्कृताच्या पाठशाळेंत नियमाच्या जोडीला संथा असे. गुरूनें म्हणावें आणि शिष्यानें दोन वेळां म्हणावें. अर्थ कळण्यापूर्वींच शब्द कानांत व कंठांत मुरे. इंग्रजीच्या वर्गांत आपण नियम तेवढा घेतला आणि संथा सोडून दिली. अर्धें औषध घेऊन रोग हटत नाहीं म्हणून वैद्यास दोष देण्यांत काय अर्थ?

हा वाद पाश्चात्त्य पंडितांतही झाला. हॅरॉल्ड पामर यांनीं १९२१ सालीं तोंडी पद्धतीवर ग्रंथ लिहिला. उलट ढाक्यास काम करणारे मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं असें मांडिलें कीं, बंगाली विद्यार्थ्यास आधीं वाचन आलें पाहिजे. पण लोक प्रत्यक्षांत कसें बोलतात, हें मोजून पाहण्याचें साधन तेव्हां फारसें नव्हतें. ध्वनिमुद्रणाची सोय वाढली, तसें चित्र पालटलें. रँडॉल्फ क्वर्क यांनीं १९५९ सालीं इंग्रजी प्रयोगांची पाहणी आरंभिली व लिखाणाबरोबर बोलणेंही टिपून घेतलें. पुढें १९९९ सालीं डग्लस बायबर आणि त्यांचे सहकारी यांनीं सुमारें चार कोटि शब्दांच्या संग्रहावरून बोली व लेखी इंग्रजीचें एक मोठें व्याकरण सिद्ध केलें.

त्यांतून दिसलें तें असें. बोलणारा इंग्रज पुस्तकी वाक्यें बोलत नाहीं. त्याचीं वाक्यें तुटक असतात. नामांऐवजीं सर्वनामांची रेलचेल असते. दोन शब्दांचा एक आखूड शब्द होतो. मधून मधून तो थांबतो, अडखळतो, 'वेल', 'यू नो' असे टेंकू लावतो. यांत आश्चर्य कसलें? आपणही घराबाहेर पडतांना 'मी आतां जात आहें' असें म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतों! जाणारा मनुष्य 'येतों' कां म्हणतो, हें कोणत्याही शब्दरूपावलींत सांपडावयाचें नाहीं. तें आईच्या तोंडून ऐकूनच कळतें. परक्या भाषेचेंही तसेंच आहे.

दुसरी अडचण उच्चाराची. मराठींत प्रत्येक अक्षराला बहुधा त्याचें माप मिळतें. इंग्रजींत एका अक्षरावर आघात पडतो आणि शेजारचीं अक्षरें गिळलीं जातात. 'फोटोग्राफ' या शब्दांत जोर पहिल्या अक्षरावर असतो. 'फोटोग्राफर' म्हणतांच तो दुसऱ्यावर सरकतो आणि 'फटॉग्रफर' असें कांहींसें ऐकूं येतें. आमच्या मुलास दोनही शब्द लिहितां येतात. परंतु इंग्रज बोलूं लागला कीं, ओळखीचाच शब्द त्यास ओळखूं येत नाहीं. यास अज्ञान म्हणूं नये. कानास संवय नाहीं एवढाच त्याचा अर्थ.

आतां शाळांकडे वळूं. २००० सालापासून महाराष्ट्रांत मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी शिकवूं लागले. वर्षें वाढलीं, पण फळ कितपत वाढलें? ग्रामीण भारताची 'असर' ही पाहणी सांगते कीं, २००९ सालीं आठवींतील शेंकडा ६०.२ मुलांस इंग्रजींतील सोपीं वाक्यें वाचतां येत. २०१६ सालीं हें प्रमाण ४५.२ वर आलें. ही मोजणी साऱ्या देशाची, आणि तीही वाचनाची, बोलण्याची नव्हे. आपल्या दहावीच्या परीक्षेंत इंग्रजीच्या १०० गुणांपैकीं ८० लेखीस व २० तोंडीस असतात, आणि ते २० गुण ज्याच्या त्याच्या शाळेंतच दिले जातात. ज्या गोष्टीची पारख अशी घरच्या घरीं होते, तिचा अभ्यास कोण मनापासून करणार?

यावर पुष्कळ पालक एकच तोड काढतात: मुलाला इंग्रजी माध्यमांत घालावें. त्यांची कळकळ आम्ही जाणतों. पण केंब्रिज विद्यापीठाच्या इयांथी त्सिंप्ली यांच्या नेतृत्वाखालीं २०१६ ते २०२० या काळांत दिल्ली, हैदराबाद व बिहार येथील शाळांचें जें संशोधन झालें, त्यांत इंग्रजी माध्यमाच्या वर्गांतूनही शिक्षक स्थानिक भाषा मोठ्या प्रमाणांत मिसळून बोलतात, असें आढळलें. म्हणजे पाटी इंग्रजीची, पण कानांवर पडणारी इंग्रजी थोडीच. मराठी मिसळणें हा आमच्या मतें दोष नव्हेच. अर्थ मातृभाषेंतूनच लवकर उकलतो. दोष आहे तो पाटीलाच भाषा समजण्यांत.

आणि ज्यांस फी भरण्याचें सामर्थ्यच नाहीं, त्यांचें काय? दरवर्षीं पावसाळा सरला कीं, आमच्या जिल्ह्यांतून ऊंसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुलें गांवीं राहावीं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरीही कित्येक मुलें कोयत्याबरोबर फडावर जातात. गणिताचा बुडालेला धडा पुस्तकावरून भरून काढतां येईल. पण रोज ऐकून येणारी भाषा सहा महिने तुटली कीं, मुळासकट सुकते. शिवाय पुढें पुण्यामुंबईस नोकरीच्या मुलाखतींत जो प्रश्न येतो तो तोंडींच येतो. उत्तम गुणांचीं प्रमाणपत्रें हातांत असूनही तेथें मुके झालेले तरुण आम्हीं पाहिले आहेत. त्यांची बुद्धि कमी नव्हती. त्यांना कोणी बोलूं दिलें नव्हतें.

उपाय अशक्य नाहीं. एन. एस. प्रभु यांनीं १९७९ ते १९८४ पर्यंत बंगळूर व दक्षिणेंतील इतर कांहीं शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूस ठेवून मुलांस आगगाडीचें वेळापत्रक, नकाशा अशीं साधीं कामें दिलीं, आणि तीं उलगडण्यासाठीं इंग्रजी वापरावयास लाविलें. मन कामांत गुंतलें कीं, भाषा मागून येते, हें त्याचें सूत्र. महाराष्ट्रांतही २०१६ सालीं राज्य शासन, टाटा ट्रस्ट व ब्रिटिश कौन्सिल यांनीं 'तेजस' हा उपक्रम आरंभिला. त्यांत प्राथमिक शिक्षकांचे लहान लहान गट करून त्यांस एकमेकांपासून शिकण्याची संधि दिली. शिक्षकाचीच जीभ मोकळी नसेल, तर मुलाची कोठून होणार?

वाचकांच्या घरींही पुष्कळ करण्यासारखें आहे. रोज दहा मिनिटें मुलानें चांगली इंग्रजी ऐकावी आणि ऐकलेलें वाक्य त्याच चालीवर मोठ्यानें म्हणावें. हीच आपली जुनी संथा. आधीं कान, मग ओठ, मग डोळे, हा क्रम ठेवावा. मूल बोलत असतांना चूक काढून त्यास मध्येंच अडवूं नये. वाक्य पुरें होऊं द्यावें, आणि तेंच शुद्ध रूपांत आपण सहज म्हणून दाखवावें. अर्थ मराठींत खुशाल सांगावा. घरांत ज्या मातोश्रींस इंग्रजी येत नाहीं, त्यांनींही मुलाला 'आज काय शिकलास तें मला म्हणून दाखीव' एवढें म्हटलें तरी पुरें. ऐकणारें माणूस मिळालें कीं, मूल बोलूं लागतें. आणि शेजारच्या वस्तींतील एखादें मूल त्या दहा मिनिटांस आपल्या मुलाजवळ येऊन बसलें, तर त्यास उठवूं नये. विद्या दिल्यानें वाढते हें आपण लहानपणापासून घोकीत आलों आहों. तें आचरण्यास यापेक्षां स्वस्त संधि कोणती?