बैल अडतो, ट्रॅक्टर उठतो

माघ पौर्णिमा जवळ आली की गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातले रस्ते कचारगडकडे वळतात. कुणी दरेकसा स्टेशनात उतरून येतात, कुणी जीपने, कुणी बसने. धनेगावपासून पुढची वाट जंगलातून डोंगरावरच्या त्या प्रचंड गुहेकडे जाते. काली कंकालीची मुले इथे कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी ती सोडवली, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. म्हणून महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून माणसे इथे येतात, आपल्या मूळस्थानी. या गर्दीत ट्रॅक्टर-ट्रॉल्याही असतात. ट्रॉलीत तणस अंथरलेली, वर ताडपत्री, कडेला सतरंगी झेंडा, मध्ये भाकरीची गाठोडी आणि मांडीवर झोपलेली लेकरे.

माझे लक्ष ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथे जोडलेली असतात तिथे जाते. हुकात ठोकलेली पिन अनेकदा पिन नसतेच. कुठला तरी जुना बोल्ट असतो आणि तो वर उडू नये म्हणून त्याला तार गुंडाळलेली असते. तीस माणसांचा जीव त्या तारेवर असतो.

ट्रॉलीत बसणाऱ्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आडगावातून रात्री-अपरात्री जत्रेला जायला दुसरे काय आहे? लग्नाची वरात, रोवणीच्या बाया, आजारी माणूस, सगळे याच गाडीने जातात. पण ट्रॉली मालासाठी केलेली असते. मोटार वाहन कायद्यातली ट्रॅक्टरची व्याख्याच सांगते की हे वाहन स्वतः माल वाहण्यासाठी बांधलेले नाही. ४ एप्रिल २०२५ च्या सकाळी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर स्त्रिया कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला आणि सात जणी बुडाल्या. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ घाटमपूर भागात देवीचे दर्शन घेऊन परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ जण गेले, बहुतेक बायका आणि मुले. अशा वेळी बातमीत एक वाक्य ठरलेले असते: चालकाचा ताबा सुटला. हा ताबा म्हणजे काय आणि तो चालकाला कुणी शिकवला होता, हे मात्र त्या वाक्यात नसते.

माझी शिकवणी आजोळी झाली. नऊ-दहा वर्षांचा असताना मी मडगार्डवर बसायचो, एका हाताने दिव्याची दांडी धरून. मामा गिअर कसा टाकतात, हायड्रोलिक कशी उचलतात, हे पाहून पाहून सगळे कळले असे वाटले आणि चौदाव्या वर्षी मी एकटा ट्रॅक्टर घेऊन शेतावर गेलो. घरात कौतुक झाले. आज मुलांना मडगार्डवर बसलेले पाहिले की पोटात गोळा येतो, कारण मागचे मोठे चाक तिथून वीतभरावर फिरत असते. ट्रॅक्टर एका खड्ड्यात आदळला तरी पुरे. त्या मडगार्डवर जे शिकलो त्यात ट्रॅक्टर कसा चालवावा हे सगळे होते. तो कसा उलटतो, याचा एक शब्द नव्हता.

याचे एक कारण मला बैलात दिसते. धानपट्ट्यात ट्रॅक्टर आला तो बैलाच्या जागी, आणि अक्कलही बैलाचीच राहिली. चिखलणीत बैल रुतला की अडतो. मारले तरी हलत नाही. त्याच्या अडण्यातच शेतकऱ्याला इशारा मिळतो. ट्रॅक्टर अडत नाही. मागची चाके चिखलात पक्की अडकली आणि चालकाने आणखी रेस दिली, तर इंजिनाचा जोर कुठे तरी जायलाच हवा. चाक फिरू शकत नाही म्हणून मग ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. पुढची चाके वर येतात, तोंड आभाळाकडे जाते आणि पावणेदोन-दोन टनांचे धूड चालकावर पाठीमागे कोसळते. तोंड उचलायला लागल्यापासून पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा टप्प्यावर येतो की क्लच दाबूनही तो परतत नाही. दीड सेकंदात सगळे संपते. एवढ्या वेळात माणूस विचार करू शकत नाही. जे करायचे ते आधीच अंगात मुरलेले असावे लागते.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात बांधीत लोखंडी चाके लावून चिखलणी चालते आणि रुतणे रोजचेच असते. रुतलेला ट्रॅक्टर काढायची एक गावठी युक्ती सर्वत्र चालते: मागच्या चाकांना आडवे लाकूड दोरखंडाने बांधायचे आणि गिअर टाकायचा. चाकाबरोबर लाकूड फिरते, जमिनीत रुतते आणि चाकाला टेकू मिळतो. पण लाकूड घट्ट अडले की चाक थांबते आणि ट्रॅक्टर उठतो. दहा वेळा ही युक्ती साधते म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. अकराव्या वेळी चालक चिखलात ट्रॅक्टरखाली असतो, आणि चिखलात तोंड खाली असलेल्या माणसाला जखम झाली नाही तरी श्वास मिळत नाही.

यावरचा उपाय साधा आहे, पण त्याला वेळ लागतो. अवजार सोडायचे, चाकाच्या मागचा चिखल फावड्याने उपसायचा, आणि जमले तर मागे, रिव्हर्समध्ये बाहेर निघायचे. नाही जमले तर दुसरा ट्रॅक्टर आणून लांब साखळीने, खालच्या हुकाला बांधून, हळूहळू ओढायचे आणि माणसांना साखळीच्या पल्ल्याबाहेर उभे करायचे. उंच धुऱ्यावरून बांधीत जाताना चढ असेल तर रिव्हर्सने चढायचे आणि तोंड पुढे ठेवून उतरायचे. नवख्याला हे उलटे वाटते. पण रिव्हर्समध्ये ट्रॅक्टरचे जड अंग चढाच्या बाजूला राहते आणि तोंड उठायचा धोका उरत नाही.

खालच्या हुकाला, हे मी जपून लिहिले. त्यामागे शंभर वर्षांची गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन याच्याकडे ट्रॅक्टरची नांगरट सुधारण्याचे काम आले. तेव्हाच्या हलक्या ट्रॅक्टरमागे नांगर साखळीने ओढला जाई. नांगर खडकाला अडला की ट्रॅक्टर मागे उलटे. फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी जोडायची पद्धत शोधली: खाली दोन बाहू, वर एक टॉप लिंक. नांगर अडला की टॉप लिंक ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाला खाली दाबते. आज आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरच्या मागे हीच रचना आहे. आणि आपली माणसे ओंडका ओढायचा असला की दोर नेमका त्या टॉप लिंकच्या खोबणीला बांधतात, कारण ती उंच आणि हाताशी असते. ज्या कडीने जीव वाचायचा, तिथूनच ट्रॅक्टर उलटतो. ओढण्याचा जोर मागच्या आसाच्या वर आला की तोंड उठते. ओढायचे ते नेहमी खालूनच.

जुना ट्रॅक्टर यात आणखी धोक्याचा का, तर त्यात काय नाही हे डोळ्यांना दिसत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरची इंजिने अशी दणकट होती की आजही गावोगाव त्यातली काही चालतात, आणि छोट्या शेतकऱ्याला परवडणारा ट्रॅक्टर म्हणजे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातचाच असतो. त्याच्याबरोबर माहितीपुस्तिका येत नाही. त्याच्या दोन ब्रेकना जोडणारी कडी कधीच तुटलेली असते. शेतात एका बाजूचा ब्रेक वेगळा दाबून वळता यावे म्हणून पेडल दोन असतात, पण रस्त्यावर ती कडीने बांधलीच पाहिजेत. नाही तर घाईत एकच पाय पडतो आणि भरलेल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर आडवा होतो. किल्ली चालत नाही म्हणून पान्याने स्टार्टरला शॉर्ट देऊन सुरू करायचे, हे तर सर्रास. त्या वेळी ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर शॉर्ट देणाराच मागच्या चाकापुढे उभा असतो.

आणि छत. उन्हासाठी लावलेले पत्र्याचे किंवा फायबरचे छत पाहून वाटते की उलटला तरी डोके वाचेल. ते छत कागदासारखे दुमडते. खरा बचाव करते ती चालकाच्या मागे किंवा भोवती बसवलेली, वजनाखाली तपासलेली पोलादी चौकट. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू पुढे नाममात्र राहिले. अशी चौकट असेल तर सीटबेल्ट बांधायचा. चौकट नसेल तर बांधायचा नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही गोष्ट उलटी कळली तर जीव जाईल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २००६ पासून जुन्या ट्रॅक्टरवर चौकट बसवायला पैसे दिले. आपल्याकडे नव्या अवजारासाठी अनुदानाचा अर्ज होतो. जुन्या ट्रॅक्टरच्या चौकटीसाठी, ब्रेकसाठी, मागच्या फिरत्या शाफ्टच्या झाकणासाठी असाच अर्ज का असू नये, हा प्रश्न कृषी खात्याला मनापासून विचारावासा वाटतो.

शिकवण्याची सोय या देशात नाही असे नाही. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातल्या कांस गवताने पडीक पाडलेल्या जमिनी मोडायला केंद्राने मोठे ट्रॅक्टर आणले, १९४९ साली त्यासाठी जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्जही घेतले. यंत्रे आली तशी चालकांची गरज कळली आणि १९५५ साली नर्मदाकाठी बुधनीला ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. पुढे हिस्सार, आंध्रातले गार्लादिन्ने आणि आसामातले विश्वनाथ चारिआली इथेही केंद्राच्या अशा संस्था झाल्या. महाराष्ट्रात एकही नाही. गोंदियाला त्यातल्या त्यात जवळची बुधनीच, आणि रोवणीच्या हंगामावर पोट असलेला सालेकशाचा डायवर तिथवर कसा जाणार? परवान्याची वाटही शिकवणीकडे जात नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तो कायम केला: हलक्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचे वाहतूक वाहन चालवता येते, आणि ट्रॅक्टरही. हजारो चालकांची रोजीरोटी त्यामुळे वाचली, ते बरेच झाले. पण कारचा परवाना हाती असलेल्या माणसाला पीटीओ शाफ्ट म्हणजे काय ते ठाऊक असेलच असे नाही.

पीटीओबद्दल इथेच लिहायला हवे, कारण हलके धान कापून पुंजणे लागायला सुरुवात झाली की मळणी यंत्रे बाहेर निघतात. अवजाराला इंजिनाचा जोर देणारा ट्रॅक्टरमागचा तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याला पदर, दुपट्टा किंवा गमछ्याचे टोक लागले तर सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळले जाते, आणि कापडामागे माणूस. मळणी यंत्रात हात जाण्याच्या घटना पंजाब-हरियाणात वाढल्या म्हणून १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. प्रमाणित यंत्राचे पेंढ्या घालायचे तोंड ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातले ४५ सेंटिमीटर वरून झाकलेले असावे लागते. आपल्या भाषेत दोन हात लांब, एक हात झाकलेले. मग पेंढी ढकलणाऱ्याचा हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. तोंड आखूड असलेले यंत्र अंगणात आले, तर ते परत पाठवायचा हक्क शेतकऱ्याला आहे, भाडे कितीही कमी असो.

परदेशात शेतीसुरक्षेच्या मेळाव्यात एक प्रात्यक्षिक होते. जुने कपडे घातलेले पेंढ्याचे बुजगावणे चालू शाफ्टला टेकवतात. कचारगडच्या यात्रेत हजारो शेतकरी आणि शेकडो चालक एकाच ठिकाणी असतात. हिवऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, जिल्ह्याचे परिवहन कार्यालय आणि यात्रेची समिती यांनी मिळून धनेगावच्या मोकळ्या जागेत एक जुना ट्रॅक्टर उभा करावा. झाकण काढलेला शाफ्ट, बुजगावण्याला एक जुने लुगडे, आणि समजावून सांगणारा माणूस गोंडी बोलणारा. त्याच्या शेजारी हुकाच्या पिनांची पेटी ठेवावी, क्लिपसकट. ज्या ट्रॉलीत बोल्ट आणि तार आहे, तिच्या चालकाने तो बोल्ट तिथेच टाकून जायचा आणि पिन घेऊन परतीच्या रस्त्याला लागायचे.