अणुभट्टी विझते, पण निवत नाही

चुलीतील जाळ विझवला तरी निखाऱ्यांची धग लगेच जात नाही, हे गृहिणींना सांगावयास नको. अणुभट्टीचेही असेच आहे. न्यूट्रॉन शोषून घेणारे नियंत्रक दांडे आत शिरताच अणूंचे विखंडन काही क्षणांत थांबते. परंतु विखंडनातून निपजलेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. आरंभी ती मूळ उष्णतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास उतरते. एवढीही उष्णता काढून घेतली नाही, तर इंधन वितळू शकते. पाणी खेळते ठेवणाऱ्या पंपांना वीज लागते, आणि नेमक्या त्याच वेळी केंद्राची स्वतःची वीजनिर्मिती बंद झालेली असते! म्हणून बाहेरील वीजवाहिन्या, डिझेल जनित्रे आणि बॅटऱ्या असा तिहेरी आधार ठेवलेला असतो.

हा आधारही तुटला तर? गंगाकाठच्या नरोरा केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे हा प्रसंग ओढवला. पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, जनित्रातील हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि वंगणाच्या तेलानेही पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी मिनिटाच्या आत भट्टी बंद केली. परंतु आणीबाणीची वीज वाहून नेणाऱ्या केबलही आगीत जळाल्या, आणि तो संच सुमारे १७ तास विजेवाचून राहिला.

तेव्हा कामी आले ते आग विझविण्यासाठी ठेवलेले, डिझेलवर चालणारे पंप. त्यांचे पाणी बाष्पजनित्रांत सोडून भट्टीची उष्णता काढून घेण्यात आली. निवताना भट्टी पुन्हा चेतू नये म्हणून काही कर्मचारी विजेऱ्यांच्या उजेडात वर चढले आणि त्यांनी हातांनी झडपा उघडून न्यूट्रॉन शोषणारे बोरॉनचे द्रावण आत सोडले. इंधन शाबूत राहिले.

२०११ साली जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रे निकामी केली आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. दोन्ही घटनांचा बोध एकच: राखीव यंत्रे असून भागत नाही, एकाच आगीत वा एकाच पुरात सारे आधार सापडणार नाहीत, इतके ते एकमेकांपासून अलग हवेत. गुजरातेतील काकरापारच्या ७०० मेगावॅटच्या नव्या भट्ट्यांत तर पंपांवाचून ही उष्णता काढून घेण्याची सोय केलेली आहे.

वाचकहो, अणुवीज केंद्र किती वीज देते, हे आपण नेहमी विचारतो. वीज गेल्यावर ते स्वतःला कसे सांभाळते, हेही विचारीत जावे.