टोकियो ते लॉस एंजेलिस

पॅसिफिक महासागराच्या सपाट नकाशावर टोकियो व लॉस एंजेलिस हीं शहरें जवळजवळ एकाच अक्षांशावर दिसतात. म्हणून विमान नीट पूर्वेस जात असेल असें आमच्या विद्यार्थ्यांस वाटतें. परंतु पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणून पाहावा. तो उत्तरेस, अल्यूशियन बेटांच्या बाजूस सरकतो. त्या मार्गानें अंतर सुमारें ८,८०० किलोमीटर भरतें. अक्षांश धरून गेल्यास सुमारें ५०० अधिक.

केवळ अंतरावरून वेळ मात्र कळत नाहीं. पूर्वेस जातांना सुमारें १० तास पुरतात, परततांना बहुधा ११॥ लागतात. कारण तेथें उंचावर पश्चिमेकडून प्रबळ वायुप्रवाह वाहतो. वासाबुरो ओइशि या जपानी शास्त्रज्ञानें फुगे सोडून तो मोजला व १९२६ सालीं एस्पेरांतो भाषेंत प्रसिद्ध केला. ती भाषा वाचणारे थोडे. त्यामुळें एवढा शोध बहुतांशीं दुर्लक्षित राहिला, याचें आम्हांस वाईट वाटतें.

आतां घड्याळ पाहूं. हिवाळ्यांत सोमवारीं सायंकाळीं ५ वाजतां टोकियोहून निघालेला प्रवासी लॉस एंजेलिस येथें त्याच सोमवारीं सकाळीं १० वाजतां उतरतो! घड्याळें दोन्ही खरीं. वाटेंत वाररेषा ओलांडली एवढेंच. उतरण्याच्या वेळेंत दोन्ही शहरांतील १७ तासांचा फरक आधीं मिळवावा, मग वजाबाकी करावी. प्रवासाचे १० तास बरोबर निघतात.