रिंगवाला डबा उघडताना बोटे का हरतात? एका छोट्या हुकाचे मोठे काम

"बाळा, एवढं उघडून दे की."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आजीने रसगुल्ल्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. वर चकचकीत रिंग. डब्यावर छापलेल्या चित्रात दोन बोटांनी ती रिंग सहज उचलली जात होती. आजीने आधी नखाने प्रयत्न केला होता, मग सुरीच्या टोकाने. सुरी सटकली आणि तर्जनीला छोटी चीर पडली. जखम किरकोळ होती, पण त्या दिवशी मी घरी नसतो तर डबा तसाच राहिला असता.

आजीचे वय ७८. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात तिने वर्षानुवर्षे भाकरी थापल्या. आजही थापते. मग हेच हात एवढ्याशा रिंगपुढे का हरतात? उत्तर सोपे आहे. भाकरी थापणे हे तळहाताचे आणि खांद्याचे काम. रिंग उचलणे हे नखाचे आणि बोटाच्या पेराचे काम. ताकद आहे, पण ती लावायला डब्यावर जागाच नाही. ही जागा मिळवून देणारे एक साधे हातातले साधन बाजारात मिळते. ते कसे काम करते, कोणाला उपयोगी आहे आणि ते नसेल तर काय करायचे, हे समजून घेऊया.

रिंग नेमके काय करते?

शाळेतली तरफ आठवा. टेकू, बल आणि भार. सी-सॉ ही पहिल्या प्रकारची तरफ, कारण टेकू मध्ये. अडकित्ता दुसऱ्या प्रकारची, कारण सुपारी म्हणजे भार मध्ये.

रिंगवाल्या डब्यात दोन टप्पे असतात.

पहिला टप्पा : रिंग झाकणाला एका रिव्हेटने जोडलेली असते. आपण रिंगचे एक टोक वर उचलतो, तेव्हा रिंग रिव्हेटपाशी वळते आणि तिचे दुसरे, छोटे टोक झाकणात खाली घुसते. म्हणजे चिमुकला सी-सॉ. झाकणावर कडेने बारीक खाच कोरलेली असते. तिथला पत्रा मुद्दाम पातळ केलेला असतो. रिंगचे टोक नेमके तिथे दाबते आणि 'टक्' आवाज होऊन झाकण फुटते.

दुसरा टप्पा : आता रिंग तरफ राहत नाही, फक्त मूठ होते. रिंगमध्ये बोट घालून झाकण मागे ओढायचे, म्हणजे खाचेच्या रेषेवर पत्रा फाटत जातो.

थंड पेयाच्या कॅनमध्ये दुसरा टप्पा नसतो. तिथे फक्त छोटे तोंड आत दाबले जाते आणि रिंग जागेवरच राहते. रसगुल्ले, अननस, मशरूम, स्वीट कॉर्न अशा डब्यांचे मात्र अख्खे झाकण काढावे लागते. म्हणून तेच जास्त त्रास देतात.

मग अडते कुठे?

तीन ठिकाणी.

१. रिंग झाकणाला चिकटून बसलेली असते. तिच्याखाली नख घालायलाही जेमतेम जागा. नखे कापलेली असतील, मऊ असतील किंवा हात ओले असतील तर सुरुवातच होत नाही.

२. रिंग लहान असते. तरफेचा नियम असा की बल लावायची बाजू जितकी लांब, तितका जोर कमी लागतो. रिंगच्या बाबतीत ही बाजू दोन सेंटिमीटरच्या आसपासच असते. त्यामुळे मिळणारा फायदा मर्यादित.

३. झाकण ओढताना सगळा भार एका बोटाच्या सांध्यावर येतो. शिवाय रिंगची कड बोटात रुतते.

संधिवात किंवा सांध्यांची झीज असेल तर तिसरा मुद्दा सर्वांत जाचक ठरतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हाताच्या सांध्यांची झीज जास्त आढळते आणि अंगठ्याचे मूळ हे त्यातले नेहमीचे ठिकाण. कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, चिमटीत १ किलोचा दाब दिला तर अंगठ्याच्या मुळाशी सुमारे १२ किलोचा दाब पडतो. डबा उघडताना 'हातातून कळ गेली' असे घरातले कोणी म्हणत असेल तर तो आळस नाही आणि नखरेही नाहीत.

हे साधन काय करते?

वेगवेगळ्या आकारांत मिळते, पण मूळ रचना एकच. एका बाजूला पातळ, किंचित वाकडे टोक किंवा हुक आणि दुसऱ्या बाजूला मुठीत मावेल असे जाड हँडल. काही प्लॅस्टिकची असतात, काही स्टीलची. ऑनलाइन 'रिंग पुल ओपनर' किंवा 'कॅन टॅब ओपनर' असे शोधले की दिसतात.

वापरायची पद्धत अशी. टोक रिंगखाली सरकवायचे. साधनाचा मधला भाग डब्याच्या काठावर किंवा झाकणावर टेकवायचा. हँडल तळहाताने खाली दाबायचे. रिंग वर येते, 'टक्' होते. मग हुक रिंगमध्ये अडकवून, अख्ख्या मुठीने धरून झाकण सावकाश मागे ओढायचे.

आता गणित. समजा, रिंग उचलायला ३ किलो वजनाइतका जोर लागतो. टेकूपासून रिंगपर्यंत ४ सेंटिमीटर आणि टेकूपासून तळहातापर्यंत १२ सेंटिमीटर अंतर असेल, तर तळहाताने १ किलो वजनाइतका दाब पुरेसा होतो. तिप्पट फायदा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर खेचण्याऐवजी खाली दाबायचे असते, आणि तेही नखाने नव्हे, तळहाताने.

ही युक्ती कोल्हापूरकरांना नवी नाही. गोटी सोडा आठवा. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ च्या सुमारास ही गोटीची बाटली आणली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते. ती बोटाने ढकलणे जमते, पण सोडावाला काय करतो? लाकडी दट्ट्या गोटीवर ठेवतो आणि वरून तळहात मारतो. बोटाचे काम तळहाताकडे सोपवायचे. रिंगचा हुकही तेच करतो.

मुळात रिंग आली कशी?

गंमत म्हणजे रिंगचा शोधच 'ओपनर लागू नये' म्हणून लागला. पीटर ड्युरँड यांना डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८१० मध्ये मिळाले. डबे उघडण्यासाठी खास ओपनर यायला मात्र १८५० चे दशक उजाडले. तोवर छिन्नी आणि हातोडा चालायचा.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. ओहायो राज्यातील डेटन इथले अभियंता अर्मल फ्रेझ १९५९ मध्ये सहलीला गेले. पेयाचे कॅन नेले, ओपनर विसरले. शेवटी गाडीच्या बंपरवर कॅन फोडावे लागले. त्यातून त्यांनी झाकणालाच जोडलेली तरफ तयार केली आणि १९६० च्या दशकात अशी कॅन बाजारात आली. सुरुवातीची रिंग कॅनपासून सुटी व्हायची. लोक ती कुठेही टाकत आणि अनवाणी पायांना कापत असे. १९७५ च्या सुमारास डॅनियल कुडझिक यांनी रेनॉल्ड्स मेटल्स कंपनीत कॅनवरच राहणारी रिंग विकसित केली. आज थंड पेयाच्या कॅनवर आपण पाहतो ती याच वाटेने आली.

म्हणजे ओपनर टाळण्यासाठी रिंग आली आणि आता रिंगसाठी ओपनर! हसू येईल, पण यात एक मुद्दा आहे. सुदृढ हाताच्या माणसासाठी रिंग सोय झाली. ज्यांची बोटे साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी अडचण फक्त जागा बदलून बसली.

कंपन्या खाच आणखी पातळ का करत नाहीत?

हा प्रश्न मलाही पडला होता. डबाबंद अन्न निर्जंतुक करताना बहुतेक वेळा बंद डब्यालाच जास्त तापमान दिले जाते. अनेक पदार्थांसाठी ते १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या वेळी आत दाब वाढतो. पुढे ट्रकमधले धक्के आणि गोदामातली थप्पी. खाच फार पातळ ठेवली तर झाकण आधीच फुटेल किंवा सूक्ष्म गळती होऊन अन्न खराब होईल. त्यामुळे काही जोर लागणारच.

पण उपाय संपत नाहीत. रिंगखाली झाकणाला खोलगट जागा देणे, रिंग मोठी आणि किंचित उचललेली ठेवणे, धातूच्या झाकणाऐवजी सोलून काढता येणारे फॉइलचे झाकण वापरणे, हे पर्याय आजही काही डब्यांवर दिसतात. 'पॅकिंग उघडायला सोपे आहे का' हे तपासण्यासाठी २०१५ मध्ये आयएसओ १७४८० हे आंतरराष्ट्रीय मानकही आले.

आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम ४३ सांगते की, सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंची निर्मिती आणि वितरण व्हावे यासाठी सरकारने पावले उचलावीत. कोल्हापूरला हा विचार समजावून सांगायची गरज नाही. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये याच शहरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. जिना चढता येत नसेल तर उतार करा, हे आपण आता मान्य करतो. डब्याचे झाकणही एक जिनाच आहे.

आणि बनवायचेच म्हटले तर? उद्यमनगर आणि शिरोलीच्या शहराला वाकवलेली स्टीलची पट्टी आणि जाड मूठ ही काय अवघड गोष्ट आहे?

साधन नसेल तर घरच्या घरी काय कराल?

- डब्याखाली ओला फडका ठेवा. डबा फिरणार नाही.
- हात आणि झाकण आधी कोरडे पुसा.
- चमच्याची दांडी रिंगखाली सरकवा, दांडी समोरच्या काठावर टेकवा आणि चमचा खाली दाबा. हीच तरफ.
- 'टक्' झाल्यावर चमच्याची दांडी रिंगमध्ये घालून झाकण मागे ओढा. झटका देऊ नका, नाहीतर पाक अंगावर उडतो.
- शेवटचा थोडा भाग फाटत नसेल तर जोर करू नका. झाकण मागे वाकवून पदार्थ चमच्याने काढा.
- रिंग तुटली तर सुरी खुपसू नका. डब्याच्या तळाला वरच्यासारखीच उभी कड असेल तर डबा उलटा करून साध्या टिन कटरने तळ कापा.

ही काळजी घ्याच

- फुगलेला, गळणारा किंवा कडेला खोल पोचा आलेला डबा उघडू नका. आतले अन्न विषारी असू शकते. चव घेऊन खात्री करणे तर मुळीच नको.
- काढलेल्या झाकणाची कड धारदार असते. ते रिकाम्या डब्यात घालून, कागदात गुंडाळून टाका. कचरा उचलणाऱ्या हातांचाही विचार करा.
- कापले तर वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि स्वच्छ कापडाने दाबून धरा. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट वाकवता येत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.
- बोटे रोज सकाळी आखडत असतील किंवा सांधे सुजत असतील तर हुक हा उपाय नव्हे. आधी तपासणी करून घ्या.

विकत घेताना काय पाहाल?

हँडल जाड आणि न घसरणारे हवे. टोक पातळ, पण न वाकणारे हवे. थंड पेयाच्या कॅनची रिंग आणि मोठ्या डब्याची रिंग दोन्हींत ते बसते का, ते पाहा. शक्य असेल तर ज्याच्यासाठी घेताय त्याच्या हातात आधी देऊन बघा. हात आपला आणि अंदाज दुसऱ्याचा, असे व्हायला नको.

आणखी एक काम करता येईल. पॅकबंद वस्तूंवर ग्राहक तक्रारीसाठी फोन क्रमांक आणि ईमेल छापणे नियमाने बंधनकारक आहे. डबा उघडत नसेल तर तिथे तसे कळवा. चव बिघडली की आपण तक्रार करतो. झाकण उघडत नाही तेव्हा मात्र स्वतःच्या हातांना दोष देतो.

आमच्या घरी असा एक हुक आता चमच्यांच्या स्टँडमध्ये असतो. परवा रात्री ड्युटी संपवून घरी आलो तर फ्रीजमध्ये स्टीलच्या डब्यात अननसाच्या फोडी काढून ठेवलेल्या. रिकामा टिन सिंकपाशी. दिवसभर घरात दुसरे कोणी नव्हते.

"शेजारच्या काकूंना बोलावलंस काय?" मी विचारले.

आजी म्हणाली, "त्यांना कशाला? मीच उघडला की."