बँकॉकमधील रात्रीचे जेवण

विमान उशिरा उतरते आणि भुकेले कुटुंब मध्यरात्री बँकॉकच्या यावरात रस्त्यावरील एखाद्या साध्या उपाहारगृहात शिरते. अशा वेळी भीती नको. निवड मात्र जाणतेपणाने करावी.

डोळ्यांदेखत कढईत परतलेला, वाफाळता पदार्थ अधिक सुरक्षित. प्रखर आचेत बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. कच्च्या पपईच्या ‘सोम तम’मध्ये काही ठिकाणी खारवलेला कच्चा खेकडा कुटून घालतात, तो टाळावा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावे. तिखट नको असल्यास ‘माय पेत’ म्हणावे.

रक्तदाबाच्या रुग्णांनी ‘नाम प्ला’ या माशाच्या खारट अर्काबाबत जपावे. त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १४०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत आहे.

भरल्या पोटी लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर शक्य नसेल, तर अर्धपोटीच उठावे.

जुलाब लागल्यास प्रथम जलसंजीवनी द्यावी. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा मूल मलूल झाले असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.