रुग्णाच्या घरातला सूर

घरातल्या एकाला स्किझोफ्रेनिया झाला की ताण सगळ्या घरावर येतो. अशा वेळी घरची माणसे रुग्णाशी कशी बोलतात, यावर आजार पुन्हा उलटणे बऱ्याच अंशी अवलंबून असते. १९५० च्या दशकात लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना दिसले, की रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेले रुग्ण भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत.

यातून पुढे ‘कॅम्बरवेल कौटुंबिक मुलाखत’ तयार झाली. रुग्ण समोर नसताना जवळच्या नातेवाइकाशी सविस्तर बोलतात आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करतात. मग टीका, वैरभाव, अतिगुंतवणूक, आपुलकी आणि कौतुक यांची नोंद होते. त्यात शब्दांइतकेच वजन आवाजाला असते. “दहा वाजले तरी उठत नाही, काय करावं कळत नाही,” ही हतबलता. “नुसता लोळत पडतो, मुद्दाम करतो,” असे चिडून म्हटले की ती टीका. “असला मुलगा नसता तर बरं,” यात वैरभाव आहे, कारण इथे राग वागण्यावरचा राहत नाही, माणसावरच जातो.

अतिगुंतवणूक ओळखणे सर्वांत अवघड, कारण ती मायेच्या रूपात येते. तिशीतल्या मुलाला आई घास भरवते, कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटे सोडत नाही, स्वतःचे नातेवाईक, सणवार सगळे बंद करते. तिचा जीव तुटतो हे खरेच. पण मुलाला स्वतःहून काही करायला जागा उरत नाही.

१९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी नऊ महिन्यांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. टीका किंवा अतिगुंतवणूक जास्त असलेल्या घरांत सुमारे ५१ टक्के रुग्णांचा आजार उलटला, इतर घरांत सुमारे १३ टक्के. नियमित औषधे आणि आठवड्यात ३५ तासांपेक्षा कमी समोरासमोरचा सहवास असेल, तर तापलेल्या घरातही धोका घटत होता.

पुढे चंडीगढमध्ये अशीच पाहणी झाली, तेव्हा तिथल्या कुटुंबांत टीका लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. मात्र लंडनचे माप जसेच्या तसे इकडे लावता येत नाही. एकत्र कुटुंबात थोरल्यांनी लक्ष घालणे रीतीचेच असते, त्यामुळे अतिगुंतवणूक ठरवताना घराची रीत आधी समजून घ्यावी लागते.

या संशोधनाचा सर्वांत अन्यायकारक अर्थ म्हणजे घरच्यांनीच आजार आणला असे मानणे. तसे ते सांगत नाही. ‘मुद्दाम करतो’ या समजुतीतून पुष्कळ टीका येते. निरुत्साह हेही आजाराचेच लक्षण आहे, हे कळले की ती कमी होऊ शकते. म्हणून औषधांबरोबर कुटुंबालाही आजाराची माहिती आणि अडचणी सोडवण्याचे प्रशिक्षण दिले जाते. त्याने आजार उलटण्याचे प्रमाण घटते, असे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसले आहे.